तो लाकडी बिल्ला शेवटी गेला कुठे? (दहावी १९९८, इंदूर)

रामबागवाली

दिवाळीची साफसफाई चालू आहे आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझी आठवीची शाळेची डायरी सापडली. कव्हर चिकटून बसलंय पण आतलं सगळं वाचता येतंय. रिमार्कच्या पानावर लाल पेनाने ओळीने सात वेळा एकच रिमार्क, वर्गात मराठी बोलते. सात वेळा! प्रत्येकाखाली बाबांची सही आहे आणि शेवटच्या सहीशेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय की घरीसुद्धा मराठीच बोलते, आम्ही सगळेच बोलतो. हे मी तेव्हा वाचलंच नव्हतं, सही झाली की डायरी दप्तरात. काल पहिल्यांदा वाचलं आणि तिथेच पेटीवर बसून राहिले, खालून सासूबाई विचारतायत की वर काय करून राहिली एवढा वेळ.

तर मला विचारायचंय ते बिल्ल्याबद्दल. आठवतो ना सगळ्यांना? लाकडाची ती चौकोनी पट्टी, वर भोक, त्यात सुतळी, आणि एका बाजूला निळ्या रंगाने रंगवलेलं की मी इंग्लिशमध्येच बोललं पाहिजे. सकाळी पहिला जो कोणी हिंदी किंवा मराठी बोलेल त्याच्या गळ्यात पडायचा, मग त्याने दिवसभर दुसरा कोणी बोलताना पकडायचा आणि त्याच्या गळ्यात घालायचा. शेवटच्या घंटेला ज्याच्या गळ्यात असेल त्याने पन्नास ओळी लिहायच्या आणि वर्ग झाडायचा. सहावीपासून तोच एक बिल्ला आपल्या सेक्शनबरोबर वर सरकत आला. दहावीत नाताळच्या सुट्टीनंतर शाळेत गेलो तर गायब, आणि परत कधी दिसलाच नाही.

कोणी घेतला होता? आता सत्तावीस वर्षं झाली, आता तरी सांगा.

पुण्यात_इंदुरी

अगं काय आठवण काढलीस! मी नव्हता घेतला हे आधीच सांगतो कारण त्या वेळी सगळ्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं होतं.

नव्या लोकांसाठी (म्हणजे आपल्या बायकामुलांसाठी, कारण मी हा धागा घरी मोठ्याने वाचून दाखवणार आहे) बिल्ला दुसऱ्याच्या गळ्यात घालायची पद्धत सांगतो. नुसतं मागे मागे फिरून कोणी मराठी बोलत नसे, सगळे तोंड शिवून बसायचे. मग मागून जाऊन त्याच्या पायावर बूट द्यायचा. कितीही इंग्लिश मीडियम असला तरी पाय चेंगरल्यावर माणूस आपल्या भाषेतच ओरडतो. रामबाग, लोधीपुरा, स्नेहलतागंजवाले आई गं म्हणायचे, बाकीचे अरे मर गया, आणि तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत सुतळी गळ्यात.

जिरावन

आणि त्यावरचा तो ऐतिहासिक खटला विसरलास का भिया? नववी, लायब्ररीच्या बाहेरचा कॉरिडॉर. तू शेवटच्या बाकाच्या पायावर उभा राहिलास, तो जोरात ओरडला आई… आणि तेवढ्यात समोरून सिस्टर प्रिन्सिपल. या पठ्ठ्याने श्वास घेतला आणि वाक्य पूर्ण केलं, आई… गॉट हर्ट, सिस्टर!

शेवटचा_बाक

शब्दशः खरं आहे. आणि सिस्टरनी काय करावं, तिथेच उभ्या राहून निकाल दिला की सर्वनाम बरोबर आहे, क्रियापद बरोबर आहे, बिल्ला लागू होत नाही. मग तुझ्याकडे वळून म्हणाल्या की आता तू सॉरी म्हण, तेही पूर्ण वाक्यात. त्या दिवसापासून सगळ्या वर्गाचं आई गं चालू झालं, नुसतं पुढे गॉट हर्ट जोडायचं. मेंदूच्या डॉक्टरांनी अभ्यास करावा इतकं चपळ डोकं चालायचं आपलं पाय चेंगरल्यावर.

तिसरी_रांग

हाहा मी त्या कॉरिडॉरमध्ये होते! हसता येत नव्हतं म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी होते, कॉरिडॉरमध्ये सायलेन्स.

प्रार्थनेचं कोणी लिहीना म्हणून मी लिहिते. दुसरीत असताना असेंब्लीत अवर फादर म्हणायचो, अर्थ कोणालाच कळत नव्हता, पण चाल पक्की. त्यात लीड अस नॉट इंटू टेम्पटेशन येतं ना, तिथे आपली अख्खी लाइन ठणकावून म्हणायची, लीड अस नॉट इंटू टेम्पो स्टेशन. कारण टेम्पो आपल्याला माहीत होते, तीन चाकांचे, काळा धूर सोडणारे, आणि घरचे रोज बजावायचे की एकटी टेम्पोपाशी जाऊ नकोस. मला अगदी पटलेलं होतं की देवाकडे हे मागणं योग्य आहे. पाचवीत मॉरल सायन्सच्या टीचरनी टेम्पटेशन म्हणजे मोह असं फळ्यावर लिहिलं तेव्हा मी दिवसभर विचार करत होते की मग इतकी वर्षं देवाने काय ऐकलं असेल.

जिरावन

ऐकलं ना, तुला शाळेची बस मिळाली.

हेल मेरी या प्रार्थनेचं मी सांगतो. फुल ऑफ ग्रेस. आता एमपी बोर्डाच्या पोराला ग्रेस म्हणजे एकच गोष्ट माहीत, ग्रेसचे मार्क. पुण्यात_इंदुरीने वर्गाला समजावून सांगितलं होतं की गणिताला काठावर असशील तर मेरीमातेकडे जायचं, तिच्याकडे ग्रेस फुल आहे, संपतच नाही. सहामाहीच्या दिवशी ग्राउंडच्या कोपऱ्यातल्या त्या गुहेपुढे, निळ्या पट्ट्याच्या मूर्तीसमोर, ही लांब रांग. त्यात गणपतीचे भक्त, रणजीत हनुमानाचे भक्त, दोन जैन, सगळे. कॅथलिक पोरं एवढीशी, ती बिचारी मागे उभी की आमचा नंबर कधी लागणार.

पुण्यात_इंदुरी

आणि मी पास झालो. हे पण लिही.

शेवटचा_बाक

गणपतीचं निघालंच आहे तर २१ सप्टेंबर १९९५ सांगतो. गुरुवार होता. सकाळपासून गावभर एकच बातमी, गणपती दूध पिऊन राहिलेत. शाळेत अर्धी पोरं उशिरा आली, कोणी खजराण्याला जाऊन, कोणी बडा गणपतीला जाऊन, कोणाच्या दप्तरात चमचा. मला वाटलं आज सिस्टर रागावणार. त्या वर्गात आल्या, विचारलं कोणाकोणाच्या घरी काय झालं, आणि सगळ्यांचं ऐकून घेतलं, एकेकाचं, एका शब्दाने आडवं न येता. त्या दिवशी सगळे हिंदी मराठीत बोलत होते आणि बिल्ला खिळ्यालाच टांगलेला राहिला, कोणी नावही काढलं नाही.

मग तिसऱ्या तासाला फिजिक्सच्या सरांनी (आपलेच, नारायणबागेतले) स्टाफरूममधून चहाचं दूध आणलं, त्यात लाल शाईचा थेंब टाकला आणि टेबलावरच्या पितळी घंटेला चमचा लावला. दूध खरंच चमच्यातून कमी व्हायला लागलं! आणि लाल शाईमुळे दिसलं की घंटेच्या अंगावरून अगदी पातळ, नुसत्या थरासारखं खाली उतरतंय. पृष्ठताण, सर म्हणाले, थेंब पृष्ठभागाला टेकला की ओढला जातो, मग ते वजनाने खाली घसरतं, नुसत्या पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध दिसत नाही. आणि मग म्हणाले, माझी आई सकाळी पाच वाजल्यापासून देवापुढे बसली आहे, तिला मी हे सांगणार नाही, तुम्हाला सांगतोय कारण तुम्हाला परीक्षा आहे. मी आज स्वतः फिजिक्स शिकवतो. ती लाल शाई मी अजून वापरतो.

तिसरी_रांग

सुंदर लिहिलंस. पण सगळंच गोड नव्हतं ना, आणि मला ते इथे लिहायचंय, कारण आपण भेटलो की नेहमी हसण्यावारी जातं.

सातवीत माझ्या काकाच्या लग्नाला मेंदी काढली होती, कोपरापर्यंत. सोमवारी असेंब्लीत एका टीचरनी ओळीतून बाहेर काढलं आणि नळावर नेऊन पायाच्या दगडाने घासायला लावली. मेंदी काय निघते का अशी? कातडं लाल झालं. दोन तास बाहेर उभी होते आणि येणारेजाणारे बघत होते. नियम होता, डायरीत छापलेला होता, मान्य आहे. पण मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या घरातलं पहिलं लग्न होतं. घरी गेल्यावर आईला सांगितलं की पडले. त्यानंतर माझ्या स्वतःच्या लग्नापर्यंत मी मेंदी काढली नाही, आणि तेव्हाही काढताना हात आखडला होता.

हे मी शाळेवर राग म्हणून लिहीत नाही, मला त्या शाळेने खूप दिलंय. पण घडलं ते घडलं.

रामबागवाली

मी त्या दिवशी ओळीत तुझ्या मागे होते. मी काहीच बोलले नाही. मला हे इतकी वर्षं तुला सांगायचं होतं.

तिसरी_रांग

अगं तू मधल्या सुट्टीत तुझं बोरोलीन लावलंस ना माझ्या हाताला. मला तेच आठवतं.

पुण्यात_इंदुरी

वाचून थांबलो थोडा वेळ.

एक आठवण मीही लिहितो, हसण्याची नाही. सातवीचंच वर्ष. फेब्रुवारी १९९५, सोमवार. असेंब्लीला सिस्टरचे डोळे सुजलेले, प्रार्थना सांगताना आवाज दोनदा अडकला. आपल्याला कोणीतरी कुजबुजून सांगितलं की एका सिस्टरना बसमध्ये मारलं. सिस्टर राणी मारिया. २५ तारखेला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, लोकांसमोर, सुऱ्याने. देवास जिल्ह्यातल्या त्या भागात त्या आदिवासी शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवायला मदत करायच्या, म्हणून. आपल्याला काय कळत होतं तेव्हा, आपण टिफिनमध्ये काय आहे ते बघत होतो.

मोठेपणी पेपरात वाचलं की त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टर, जेलमध्ये जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, भाऊ म्हणून. मी ते माझ्या आईला वाचून दाखवलं तर तिने पेपर हातातून घेतला आणि देवघरात ठेवला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना धन्य घोषित करण्याचा सोहळा झाला, मी तेव्हा सुट्टीवर आलो होतो म्हणून गेलो. हजारो माणसं, त्यात लांबून आलेले गावकरी. कोणीतरी माइकवर अवर फादर सुरू केलं आणि माझ्या तोंडून आपोआप पुढचं पुढचं येत गेलं, एकही शब्द न चुकता. टेम्पटेशनसुद्धा.

जिरावन

मी तिथेच होतो रे त्या दिवशी! पार्किंगला स्काउटच्या पोरांबरोबर उभा होतो. भेटलो असतो.

वसईची

मी तीन दिवस हा धागा वाचतेय. लिहायचं की नाही ठरत नव्हतं. सगळ्यांना नमस्कार, मी ती, बाबांची बँकेत बदली होऊन सहावीत आलेली, रोल नंबर सगळ्यात शेवटचा.

रामबागवाली

अगं!!! कुठे होतीस! तुझ्या डब्यातल्या करंज्या! आम्हाला वाटायचं हिच्या घरी दिवाळी दोनदा होते, एकदा आमच्याबरोबर आणि एकदा डिसेंबरात!

वसईची

त्या नाताळच्या नेवऱ्या गं, पण करंज्याच त्या. आणि सोबत फुगे असायचे ते जिरावन एकटा खायचा, वर जिरावन मसाला टाकून.

मला लिहायचंय ते थोडं मोठं आहे. तुम्ही सगळे घरी मराठी बोलायचात आणि मीही. पण मी चर्चला गेले की तिथल्या मल्याळी मुली विचारायच्या की तू कॅथलिक आहेस तर मराठी कशी. आणि वर्गात तुम्ही विचारायचात की तू मराठी आहेस तर कॅथलिक कशी. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, आपण लहान होतो. वसईला आमच्या गावात मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत, मरणाची गाणी मराठीत, लग्नात उंबराचं पाणी आणायला बायका गात जातात तीही आपल्याच बोलीत. इंदुरात येऊन मला पहिल्याच दिवशी मराठी बोलले म्हणून बिल्ला मिळाला. मी पाणी कुठे आहे एवढंच विचारलं होतं.

खूप नंतर कॉलेजला असताना मला कळलं की फादर स्टीफन्स नावाच्या इंग्लिश माणसाने, जेझुइट संघाचे धर्मगुरू, गोव्यात बसून ओवीत मराठी पुराण लिहिलं, ख्रिस्ताचं, आणि ते १६१६ साली छापलं गेलं. इंग्लंडातून आलेल्या फादरने मराठी शिकून पुराण लिहायचं आणि मी मराठी बोलले म्हणून वर्ग झाडायचा, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी सिस्टरना नक्की सांगितलं असतं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला आमच्या वसईचे फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा मी टीव्हीपुढे बसून रडले, माझी मुलगी घाबरली.

तर बिल्ला मी घेतला होता.

शेवटचा_बाक

तू?????

पुण्यात_इंदुरी

सत्तावीस वर्षं माझं नाव होतं!

वसईची

तुझी मनापासून माफी मागते. सगळं सांगते.

१९९७चा डिसेंबर. नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करायची ड्युटी कॅथलिक मुलांची, पण आम्ही सहाच होतो म्हणून तुम्हीपण यायचात. ब्राउन पेपर चुरगाळून डोंगर, लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत, आरशाचं तळं. मेंढपाळाच्या मूर्ती कमी पडल्या तेव्हा रामबागवालीने घरून दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा आणला.

रामबागवाली

ढाल तलवार घेतलेला! सिस्टरनी विचारलं की हा मेंढपाळ शस्त्र घेऊन का उभा आहे, आणि मी म्हटलं लांडगे असतात ना सिस्टर. त्या बघत राहिल्या आणि मग त्यांनी स्वतःच त्याला उचलून दाराशी ठेवला, म्हणाल्या मग तो बाहेर हवा, पहाऱ्यावर.

वसईची

हो, तोच. तर सुट्टी लागायच्या दिवशी शेवटच्या घंटेला बिल्ला माझ्या गळ्यात होता. गोठ्याशी काम करताना मी येशूबाळाच्या जागी पेंढा पसरत होते (बाळ मध्यरात्रीच ठेवतात, तोवर जागा रिकामी असते) आणि गुणगुणत होते, आमच्याकडचं पाळण्याचं गाणं. मॉनिटरने ऐकलं आणि घातला. पाळण्याचं गाणं म्हटल्याबद्दल! मला इतकं लागलं ते. सगळे घरी गेले, मला वर्ग झाडायचा होता, मी झाडला, आणि मग परत येऊन बिल्ला गळ्यातून काढला आणि पेंढ्याखाली ठेवला. बाळाच्या पाठीखाली. म्हटलं तूच ठेव आता हा.

जिरावन

म्हणजे २४च्या रात्री आम्ही सगळे गोठा बघायला आलो, केक खाल्ला, तेव्हा तो तिथेच होता?

वसईची

तिथेच. मी मिस्साभर थरथरत होते.

शेवटचा_बाक

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण अर्धी झोप घेऊन नेहरू स्टेडियमला! २५ डिसेंबर, भारत श्रीलंका. घरून पुऱ्या बांधून आणलेल्या, आणि मॅच किती झाली, तीन ओव्हर. पिचवर बॉल असा उसळत होता की कॅप्टन लोकांनी आणि रेफरींनी थांबवूनच टाकली. तिसऱ्या ओव्हरला मॅच संपली आणि आपल्या पुऱ्या अकरा वाजायच्या आत संपल्या. त्याच ग्राउंडवर ३१ मार्च २००१ला सचिनचे वनडेतले दहा हजार पूर्ण झाले तेव्हा मी परत गेलो होतो, ते वसूल झालं.

सॉरी, मध्ये घुसलो. पुढे सांग.

वसईची

गोठा तीन राजांच्या सणापर्यंत राहतो, ६ जानेवारी. मी ठरवलं होतं की त्याआधी काढून घेईन पण ताप आला आणि मी आठवडाभर घरीच. परत आले तर गोठा काढलेला. सिस्टरनीच काढला होता, स्वतः. आता बोलावतील मग बोलावतील करत महिना गेला. वर्गात सगळे बिल्ला शोधतायत, सिस्टर दारातून बघून पुढे जातायत, नवा बिल्ला काही बनत नाही.

फेअरवेलच्या दिवशी सगळ्यांना त्यांनी एकेक बुकमार्क दिला ना, माझ्या हातात ब्राउन पेपरची पुडी दिली. गोठ्याच्या डोंगराचाच कागद होता, हिरवा भुसा चिकटलेला. आत बिल्ला. मी काही बोलू शकले नाही. त्या म्हणाल्या, माझ्या शाळेतही एक होता, मल्याळम बोलल्याबद्दल, मी तो विहिरीत टाकला होता. एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे गेल्या.

मी खूप वर्षं विचार केला की मग त्यांनी आपल्यासाठी तो का ठेवला होता. कदाचित त्यांच्याही वर कोणी होतं. कदाचित आपले आईबाबाच मागत होते, फी भरतोय तर मुलांना इंग्लिश आलंच पाहिजे, हे मी माझ्या बाबांच्या तोंडून ऐकलंय. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

तिसरी_रांग

आणि तुझ्याकडे आहे तो अजून?

वसईची

समोर टेबलावर आहे. फोटो टाकतेय. निळा रंग बराच उडालाय. पण मागची बाजू बघा.

पुण्यात_इंदुरी

अरे देवा. मागची बाजू! करकटकने कोरलेलं! ज्याच्या गळ्यात जायचा तो तासाला बसल्या बसल्या काहीतरी कोरायचा. डावीकडचा स्टंप आणि बॅट माझी.

रामबागवाली

रा.बा. मी आहे आणि त्याखालच्या सात रेघापण माझ्याच. डायरीत सात आणि इथेही सात, हिशोब बरोबर आहे.

जिरावन

मधला समोसा माझा.

शेवटचा_बाक

तो समोसा आहे होय, मी इतकी वर्षं त्याला पायथागोरस समजत होतो. आय गॉट हर्ट माझं, अर्थातच. छोटं मेंदीचं पान कोणाचं?

तिसरी_रांग

माझं. सातवीतच कोरलं होतं. मला वाटलं होतं झाकलं गेलं असेल.

रामबागवाली

आणि वर कोपऱ्यात पतंग आहे बघा, शेपटीवाली. खूप नीट काढलीय. ही कोणाची? वसईची तुझी?

वसईची

नाही. माझं मी वर्तुळ काढलंय, मोगरा काढायचा होता. पतंग आधीपासून होती.

शेवटचा_बाक

पतंग म्हणजे परदेशीपुऱ्याचा आपला तो. दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसायचा, संक्रांतीला वर्गाला पतंगा बनवून द्यायचा, कामट्या स्वतः तासायचा. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. १९९१च्या डिसेंबरात मिल बंद पडली तेव्हा आपण चौथीत. फी माफ झाली होती त्याची, मला माहीत आहे कारण आमच्या घरी त्याची आई यायची, माझ्या आईकडून शिवणाचं काम न्यायची. आठवीनंतर आलाच नाही. कोणी म्हणे देवासला गेला, कोणी म्हणे पिथमपूरला कारखान्यात लागला. मी एकदा सायकल काढून त्याच्या चाळीत गेलो होतो, खोलीला कुलूप होतं.

पुण्यात_इंदुरी

दोन वर्षांपूर्वी, २५ डिसेंबर २०२३ला, हुकुमचंदच्या कामगारांना थकबाकी द्यायचा कार्यक्रम झाला, २२४ कोटींची बातमी होती. बत्तीस वर्षांनी. टीव्हीवर म्हातारी माणसं दिसत होती रांगेत आणि मी प्रत्येक चेहरा निरखत होतो की त्याचे बाबा असतील का. त्यांचा चेहराच आठवेना मला. शाळेच्या गेटशी सायकल धरून उभे राहायचे एवढंच आठवतं, आत कधी आले नाहीत.

तिसरी_रांग

दुधाच्या दिवशी चमचा त्याच्याच दप्तरात होता ना? त्याने सिस्टरना सांगितलं होतं की आमच्या चाळीतल्या गणपतीने पण प्यायलं, आणि सिस्टरनी विचारलं मग तुझ्यासाठी उरलं का.

जिरावन

हो हो तोच. आणि सगळे हसले आणि तो नाही हसला. आत्ता कळतंय.

बरं ऐका, २६ डिसेंबर शुक्रवार आहे. बाहेरगावचे सगळे तेव्हा इथे असतील असं दिसतंय. रात्री दहाला सराफा, सोन्याची दुकानं बंद झाली की. गराडू, भुट्ट्याचा कीस, साबुदाणा खिचडी, शेवटी रबडी. वसईची, बिल्ला घेऊन ये. त्या रात्री जो इंग्लिश बोलेल त्याच्या गळ्यात.

रामबागवाली

मंजूर! आणि दुपारी आधी सिस्टरकडे जाऊन येऊ का? त्या आता कॉन्व्हेंटमध्येच राहतात, कमी ऐकू येतं पण ओळखतात. मी गणपतीत मोदक घेऊन गेले होते, दोन खाल्ले.

वसईची

मी येते. मला विहिरीचं विचारायचंय.

तिसरी_रांग

मी पण. मेंदी काढून येणार आहे.

मिलएरिया

या ग्रुपमध्ये आज जॉइन झालो, शेवटच्या बाकाने शोधून लिंक पाठवली. सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

पतंग माझी आहे. शेपटी जास्त लांब झाली कारण मराठीचा शब्द बोललो म्हणून सकाळी पहिल्याच तासाला गळ्यात पडला होता आणि मी दिवसभर कोणाला पकडलाच नाही, कोरत बसलो. पिथमपूरलाच आहे, गाड्यांचे पार्ट बनवतो, स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. बाबा २०१४ला गेले. पैसे आईच्या खात्यात आले, तिने पासबुक त्यांच्या फोटोपुढे उघडं ठेवलं एक दिवस.

फी माफ नव्हती झाली. आईला नंतर कळलं, सिस्टर दर तीन महिन्यांनी स्वतःच्या नावाने पावती फाडायच्या.

२६ला दुपारी किती वाजता निघायचं?